गॅबर्डिनचा जनक

टॉमस बर्बेरी मूळचा इंग्लंडातील एका कापडदुकानातला उमेदवार. १८५६ साली, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी, त्याने बेसिंगस्टोक गावी स्वतःचे दुकान थाटले. गिऱ्हाईक सारे उघड्यावर वावरणारे, शेतकरी नि शिकारी. त्या काळचे रबरी कोट जड आणि कोंदट. पाऊस अडे, पण माणूस आत घामाने भिजे. बर्बेरीने १८७९ साली तोड काढली. कापडावर लेप न देता सूतच आधी जलरोधक करायचे, मग घट्ट विणायचे. हेच गॅबर्डिन. पेटंट १८८८ चे. मी गाणे शिकवतो; स्वर पक्का झाल्यावाचून बंदिशीला हात लावू देत नाही, म्हणून ही युक्ती मला फार भावते.

१९११ साली दक्षिण ध्रुव गाठणाऱ्या आमुंडसेनच्या चमूपाशी हे कापड होते. पहिल्या महायुद्धात खंदकांतले अधिकारी याचाच कोट घालीत; खांद्यावरच्या पट्ट्या हुद्द्याच्या चिन्हांसाठी. १९२६ साली बर्बेरी वारला. कोटाच्या अस्तरात दडलेली चौकट १९६० च्या दशकात बाहेर आली आणि छत्र्यांवर, गळपट्ट्यांवर मिरवू लागली. माझे वडील मैफलीला अंगरखा घालीत. तसलाच आता नवरदेव एका दिवसापुरता भाड्याने आणतात.