हिमालयाचे पक्षी शिळेवर उतरविणाऱ्या एलिझाबेथ गोल्ड

नवी दिल्ली, १८ जुलै : हिमालयातील पक्ष्यांची ओळख पाश्चात्त्य वाचकांना सचित्र करून देणाऱ्या चित्रकर्तीने हिमालय कधीच पाहिला नव्हता. एलिझाबेथ गोल्ड यांची आज जयंती. इंग्लंडमधील रॅम्सगेट येथे १८०४ मध्ये त्यांचा जन्म झाला.

लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीच्या संग्रहालयात मृत पक्षी जतन करण्याचे काम पाहणारे जॉन गोल्ड यांच्याशी १८२९ मध्ये त्यांचा विवाह झाला. पुढच्याच वर्षी हिमालयातील पक्ष्यांची कातडी लंडनला पोहोचली. त्यांवर सचित्र ग्रंथ काढण्याचे जॉन यांनी ठरविले आणि शिळाछापाचे काम पत्नीकडे सोपविले.

हे काम चिकाटीचे होते. चुनखडीच्या गुळगुळीत शिळेवर तेलकट खडूने चित्र उलटे रेखाटावे लागे. ओल्या शिळेवर शाई फिरविली, की ती केवळ तेलकट रेषांनाच धरे. कागदावर उमटलेल्या प्रत्येक छापात मग हाताने रंग भरले जात. निर्जीव कातड्यांवरून एलिझाबेथ यांनी शंभर पक्षी ८० चित्रपत्रांवर साकारले. ग्रंथाचा मजकूर लिहिणारे निकोलस व्हिगर्स यांनी १८३१ मध्ये हिमालयातील एका सूर्यपक्ष्याला त्यांचे नाव दिले. ग्रंथाच्या शीर्षकपृष्ठावर मात्र केवळ जॉन यांचेच नाव होते.

चार्ल्स डार्विन यांनी ‘बीगल’ सफरीत जमविलेल्या पक्ष्यांची ५० चित्रेही त्यांचीच. १८३८ मध्ये तीन लहान मुलांना आईकडे ठेवून त्या पती व थोरल्या मुलासह ऑस्ट्रेलियाला गेल्या. ज्या पक्ष्यांची चित्रे काढायची, ते तेथे त्यांना जिवंत पाहता आले. टास्मानियात त्यांना आणखी एक मुलगा झाला.

१८४० मध्ये त्या मायदेशी परतल्या. आठव्या अपत्याच्या जन्मानंतर १५ ऑगस्ट १८४१ रोजी सूतिकाज्वराने त्यांचे निधन झाले. तेव्हा त्या अवघ्या ३७ वर्षांच्या होत्या. ऑस्ट्रेलियातील पक्ष्यांवरील ग्रंथासाठी त्यांची ८४ चित्रे तयार झाली होती. उरलेले काम इतरांनी पूर्ण केले.

जॉन यांनी पुढे ऑस्ट्रेलियातील एका रंगीबेरंगी फिंच पक्ष्याला पत्नीचे नाव दिले. शीर्षकपृष्ठावर न आलेले एलिझाबेथ यांचे नाव हिमालयातील तो सूर्यपक्षी आजही मिरवीत आहे.