अंगणात आलेली शाळा

अंगणवाडी हा शब्द आपल्या जिभेवर इतका रुळला आहे की, तो कुणीतरी एखाद्या गावात मुलांच्या मागे फिरता फिरता घडवला असेल, असे आपल्या मनातही येत नाही. तलाठी, ग्रामसेवक, पंचायत समिती यांच्यासारखाच तोही एखाद्या सरकारी परिपत्रकातून आला असावा, अशी बहुतेकांची समजूत असते. पण या शब्दामागे एक बाई आहे. अंगणवाडी म्हणजे शाळेत येत नसलेल्या मुलाच्या दारात शाळेने स्वतः चालत जाणे, हा तिचा मूळ अर्थ त्या बाईंनी जगून दाखवला. त्यांचे नाव ताराबाई मोडक.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा, मुंबईचा. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते. घरात सुधारणेचे वारे होते, मुलीने शिकावे ही इच्छा होती. १९१४ साली ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्या काळात पदवीधर बाई हीच बातमी असे. पुढच्याच वर्षी अमरावतीच्या मोडक वकिलांशी त्यांचा विवाह झाला. कागदावर सगळे दृष्ट लागण्यासारखे होते, पण संसार टिकला नाही. १९२१ च्या सुमारास त्या विभक्त झाल्या. पदरी लहान मुलगी. नवऱ्याचे घर सोडणाऱ्या बाईकडे समाज त्या काळी कोणत्या नजरेने पाहत असेल, हे वाचकांना सांगायला नको.

ताराबाई रडत बसल्या नाहीत. राजकोटला मुलींच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजात त्यांनी प्राचार्यपद स्वीकारले. मानाची जागा, बरा पगार, राहायची सोय. मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली आहे. एकटी बाई, सोबत लेकरू आणि हातात पक्की नोकरी, या हिशेबात अशी नोकरी सोडणाऱ्या माणसाला आमच्या कर्ज विभागाने शहाण्यांत धरले नसते. ताराबाईंनी ती सोडली. भावनगरला गिजुभाई बधेका नावाचे एक वकील वकिली सोडून लहान मुलांची शाळा चालवत होते. दक्षिणामूर्ती बालमंदिर हे तिचे नाव. तिथे १९२३ साली ताराबाई दाखल झाल्या आणि जवळजवळ नऊ वर्षे राहिल्या.

आपल्याकडे तेव्हा लहान मुलाला शिकवणे म्हणजे छडी, पाढे आणि घोकंपट्टी. इटलीच्या मारिया मॉन्टेसरी या डॉक्टर बाईंनी लहान मूल आपल्या हातांनी, डोळ्यांनी, कानांनी शिकते असे मांडले होते. गिजुभाई आणि ताराबाईंनी तो विचार आपल्या मातीत लावला. गोष्टी, गाणी, नाटुकली, बागकाम, स्वच्छता हे सारे अभ्यासातच धरले. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला. ताराबाईंनी शिक्षणपत्रिका चालवली, आधी गुजरातीत आणि मग मराठीत. त्यातले लेखन शिक्षकांइतकेच आईबापांसाठीही असे. मुलाला मारू नये, भीती घालू नये, त्याला कोंबून भरवू नये, या आज साध्या वाटणाऱ्या गोष्टी तेव्हा पटवून द्याव्या लागत.

पुढे त्या मुंबईला आल्या. दादरच्या हिंदू कॉलनीत १९३६ साली शिशुविहार सुरू झाले. बालशिक्षिका तयार करण्याचे वर्ग निघाले. नाव झाले. मध्यमवर्गीय घरांतली मुले नीटनेटके कपडे घालून यायची, आईबाप कौतुकाने पाहायचे. इथेच थांबल्या असत्या तरी महाराष्ट्राच्या शिक्षणाच्या इतिहासात त्यांना एक चांगले पान मिळाले असते. पण मॉन्टेसरीची साधने महाग होती आणि शाळेची फी दादरला परवडणारी होती. खेड्यातल्या मुलाचे काय, हा प्रश्न गांधीजींच्या नई तालीमच्या काळात सगळीकडेच विचारला जात होता. ताराबाईंनी तो स्वतःला लावून घेतला.

१९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला जाऊन राहिल्या. बँकेत या वयाला आम्ही निवृत्तीनंतर किती फंड हाती येईल ते मोजायला लागतो. बोर्डीला त्यांच्यासोबत अनुताई वाघ होत्या. बालविधवा, शिकून शिक्षिका झालेल्या, ताराबाईंहून अठरा वर्षांनी लहान. ही जोडी पुढे अठ्ठावीस वर्षे टिकली.

बालवाडी उघडली आणि पहिल्याच टप्प्यावर गाडी अडली. ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप, ती दलित वस्तीतली मुलेच येईनात. कारणे शोधायला फार लांब जावे लागले नाही. आई कामावर, अंगावर धड कपडा नाही, आणि गावातल्या मुलांत जाऊन बसायचा संकोच. दुसऱ्या कुणी हजेरीपटावर गैरहजर असे लिहून पालकांच्या अज्ञानाला दोष दिला असता. या दोघी उठल्या आणि वस्तीत गेल्या. एखाद्या घरासमोरचे अंगण झाडून घेतले, तिथेच मुलांना बसवले. बालवाडी अंगणात आली, म्हणून ती अंगणवाडी.

त्या अंगणात अक्षरांच्या आधी पाणी आणि कंगवा यायचा. हातपाय धुणे, नखे काढणे, केस विंचरणे, खरजेवर औषध लावणे. आपल्याला वाटते आरोग्य दवाखान्याचे काम आणि शिकणे शाळेचे. ताराबाईंना ही वाटणी मान्य नव्हती. अंग खाजत असलेले, पोट रिकामे असलेले मूल गोष्टीत रमेलच कसे? साधनांचाही प्रश्न त्यांनी असाच जमिनीवर आणला. लाकडी ठोकळे परवडत नाहीत, मग शंखशिंपले, खडे, बिया, पाने. मोजायला चिंचोका चालतो, रंग ओळखायला फुले पुरतात.

१९५७ च्या सुमारास काम कोसबादच्या टेकडीवर गेले. आता मुले वारली आदिवासींची. तिथे नवीच अडचण. जरा मोठे मूल गुरे राखायला जाते, आणि थोरली बहीण धाकट्याला सांभाळायला घरी राहते. ताराबाईंनी उत्तरही तसेच सरळ काढले. गुरे जिथे चरतात तिथेच शाळा भरवली, तिला नाव दिले कुरणशाळा. आणि बहिणीने धाकट्याला कडेवर घेऊनच यावे म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. ती विकासवाडी. तान्हे पाळण्यात, मधले बालवाडीत, आणि ताई चौथीच्या पुस्तकापाशी.

आमच्या लासूर स्टेशनच्या वाचकांना ही ताई ओळखू येईल. कांद्याच्या आणि कापसाच्या बाजाराचे हे गाव. शेतकऱ्यांच्या कर्जप्रकरणांसाठी मी आसपासच्या वस्त्यांवर पुष्कळ हिंडलो आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारी वस्तीवर गेले की मोठे माणूस सापडत नसे. दारात आठ-नऊ वर्षांची पोर उभी आणि तिच्या कडेवर तिच्या निम्म्या वजनाचे भावंड. आई-बाबा रानात, एवढे सांगून ती पुन्हा आत जाई. तिचे नाव शाळेच्या पटावर असे, आणि ती मात्र घरी. ताराबाईंचे चरित्र मी पुढे वाचले तेव्हा आधी ही पोर डोळ्यांपुढे आली. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी आपल्याकडे साखरशाळा निघाल्या, त्या याच कुरणशाळेच्या नातलग.

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. कोसबादचे काम अनुताईंनी १९९२ मध्ये स्वतःचा शेवट होईपर्यंत चालवले. ताराबाईंच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला, केंद्र सरकारने ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू केली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरजेप्रमाणे दवाखान्यात पाठवणे, आईला आहार-आरोग्याचे शिक्षण आणि मुलाला शाळापूर्व शिक्षण, अशा सहा सेवा एका छताखाली. त्या छताला देशभर नाव मिळाले अंगणवाडी. बोर्डीच्या वस्तीत जन्मलेला मराठी शब्द असा देशभर पोचला.

शब्द पोचला, पण अर्थाचे काय? आज आपल्या गावात थोडी ऐपत आली की मूल पिवळ्या गाडीतून इंग्रजी नर्सरीत जाते आणि अंगणवाडी खिचडीसाठी उरते, गरिबांची म्हणून. नर्सरीला माझा विरोध नाही. पण तिथे मुलाचे वजन कुणी करते का, हे आपण विचारत नाही. अंगणवाडीच्या बाई दर महिन्याला वजन करून तक्त्यावर टिंब मांडतात. त्या टिंबांची रेघ म्हणजे मुलाचे पासबुकच. नुसती शिल्लक पाहून खातेदाराची स्थिती कळत नाही, भरणा नियमित होतो की नाही ते पाहावे लागते. मुलाचेही तसेच. वजन किती यापेक्षा रेघ वर चढते आहे का, हे महत्त्वाचे. दोन-तीन महिने ती आडवी राहिली तर मूल हसतेखेळते दिसत असले तरी डॉक्टरांना दाखवावे.

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाला एक रंगीत पट्टी लावतात. घेर साडेबारा सेंटिमीटर वा त्याहून जास्त असला तर हिरवा, साडेअकरापर्यंत पिवळा, त्याखाली लाल. लाल म्हणजे थांबायला वेळ नाही. नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी जीवनसत्त्व अ चा डोस, फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये जंतनाशक गोळी. यातले काहीच महाग नाही. फक्त कुणीतरी लक्ष ठेवावे लागते.

मराठवाड्याला याची किंमत ठाऊक आहे. २००५ साली राज्यात राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन निघाले, ते तेव्हाच्या औरंगाबादमधून, म्हणजे आपल्याच जिल्ह्याच्या ठिकाणाहून. त्याचाही गाभा हाच होता की, प्रत्येक मूल मोजले जावे आणि कमी वजनाचे मूल यादीत हरवू नये.

ताराबाईंनी संसार गमावला, पगार सोडला, दादरचे कौतुकही मागे ठेवले, आणि दर वेळी त्या मुलाच्या जरा जास्तच जवळ गेल्या. येत्या आठवड्यात आपल्या गल्लीतल्या अंगणवाडीत एकदा जाऊन या. आपले मूल तिथे जात असो वा नसो. बाईंना तक्ता दाखवायला सांगा. पटावर असून न येणारी मुले किती आणि ती कुठल्या वस्तीवरची, हेही विचारा. आणि जमले तर त्यांच्यासोबत त्या वस्तीवर चालत जा.