विश्लेषण : घरचे मफिन फ्रीझरमध्ये ताजे कसे राहतात? उत्तर दडले आहे एका दिवाळखोर उद्योजकाच्या आयुष्यात…

सुट्टीच्या दिवशी डझनभर मफिन भाजले, चार खाल्ले आणि उरलेले फ्रीझरमध्ये ठेवले. पंधरा दिवसांनी बाहेर काढल्यावर एखाद्या घरी ते ताज्यासारखे लागतात, तर एखाद्या घरी कोरडे, चिवट किंवा पाणी सुटलेले निघतात. हा फरक कशामुळे पडतो, याचा व्यापारी पातळीवर छडा लावला तो अमेरिकेच्या क्लॅरेन्स बर्ड्सआय यांनी.

क्लॅरेन्स बर्ड्सआय कोण होते?

बर्ड्सआय यांचा जन्म ९ डिसेंबर १८८६ रोजी न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे झाला. निसर्गाची आवड असल्याने त्यांनी अॅमहर्स्ट कॉलेजात प्रवेश घेतला, पण पैशाअभावी शिक्षण अर्धवट सोडावे लागले. पुढे त्यांनी सरकारी नोकरीत प्राण्यांचे निरीक्षण करण्याचे काम केले. १९१२ मध्ये कोल्ह्यांच्या कातडीच्या व्यापारासाठी ते कॅनडाच्या ईशान्य टोकाला, लॅब्राडोरला गेले. १९१५ मध्ये एलिनॉर यांच्याशी विवाह झाला. वर्षभराने पत्नी आणि तान्ह्या मुलालाही ते तिकडे घेऊन गेले.

लॅब्राडोरमध्ये काय दिसले?

तेथील इन्युइट लोक बर्फाला भोक पाडून मासे पकडत. बाहेरचे तापमान उणे ४० अंशांच्या आसपास आणि त्यात सोसाट्याचा वारा. पाण्याबाहेर आलेला मासा पाहता पाहता गोठून कडक होई. काही महिन्यांनी तो शिजवला तरी चव ताज्या माशासारखीच लागे. कडक हिवाळ्यात गोठवलेले मांस चांगले टिकते आणि तुलनेने उबदार दिवसांत गोठवलेले बेचव होते, हेही बर्ड्सआय यांच्या लक्षात आले. कुटुंबाला हिवाळ्यात भाजी मिळावी म्हणून त्यांनी पिंपात खाऱ्या पाण्यासोबत कोबी गोठवून पाहिला. जलद गोठवण्याच्या शोधाचे श्रेय त्यांना दिले जाते, परंतु मूळ ज्ञान इन्युइटांचे होते. बर्ड्सआय यांनी त्याचे यंत्र बनवले.

वेगाने काय साधते?

पदार्थ हळूहळू गोठला की त्यातील पाण्याचे मोठे, टोकदार स्फटिक बनतात. ते मासे, मांस आणि भाज्यांच्या पेशी फाडतात. पदार्थ वितळला की पाणी सुटते आणि तो लिबलिबीत होतो. वेगाने गोठवल्यास स्फटिक बारीक राहतात आणि नुकसान कमी होते. त्या काळच्या शीतगृहांत पदार्थ गोठायला कित्येक तास, कधी दिवसही लागत. म्हणूनच गोठवलेले अन्न म्हणजे निकृष्ट माल, असा ग्राहकांचा समज होता.

मग दिवाळे का निघाले?

अमेरिकेत परतल्यावर त्यांनी पंखा, मिठाचे पाणी आणि बर्फाच्या लाद्या अशा साध्या साहित्यावर प्रयोग केले. १९२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये गोठवलेल्या माशांची कंपनी काढली. पण ग्राहकच मिळेना. १९२४ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. तरीही त्यांनी मॅसॅच्युसेट्समधील ग्लॉस्टर या मासेमारीच्या गावी नव्याने सुरुवात केली. पाकीटबंद पदार्थ अतिथंड धातूच्या दोन पृष्ठभागांमध्ये दाबून दोन्ही बाजूंनी झटपट गोठवण्याचे यंत्र त्यांनी तयार केले. १९२९ मध्ये कंपनी आणि पेटंट २ कोटी २० लाख डॉलरना विकले गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला.

६ मार्च १९३० रोजी मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे गोठवलेले मांस, मासे, फळे आणि भाज्या दुकानांत विक्रीस आल्या. दुकानदारांकडे फ्रीझर नव्हते, म्हणून ते भाड्याने देण्याची सोय पुढे करावी लागली. दुसऱ्या महायुद्धात पत्र्याची टंचाई होऊन डबाबंद अन्न कमी झाले, तेव्हा गोठवलेल्या पाकिटांना मागणी वाढली. आज सुपरमार्केटमध्ये मिळणारे फ्रोझन मटार याच तत्त्वावर टिकतात.

मफिनला हा नियम कसा लागू होतो?

बर्ड्सआय यांच्या सुरुवातीच्या मालात मफिन नव्हते, पण तत्त्व तेच. मफिन आधी पूर्ण गार होऊ द्यावेत. कोमट मफिनची वाफ पिशवीत अडकून तिचा बर्फ होतो. मग ते ताटात एकमेकांना न चिकटवता सुटे ठेवून गोठवावेत. एकावर एक रचले तर मधले मफिन उशिरा गोठतात. कडक झाले की झिप असलेल्या पिशवीत भरून हवा दाबून काढावी आणि वर तारीख लिहावी. हवा राहिली की मफिनमधील ओलावा उडतो आणि ते कोरडे पडतात. उणे १८ अंशांवर ते दोन ते तीन महिने चांगले राहतात. एकदरवाजी फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात सहसा इतकी थंडी नसते. तिथे ठेवलेले मफिन लवकर संपवावेत.

फ्रीजच्या खालच्या कप्प्यात का नको?

मैद्यातील स्टार्च भाजताना पाणी शोषून मऊ होतो आणि गार झाल्यावर पुन्हा घट्ट होऊ लागतो. यालाच आपण शिळेपणा म्हणतो. फ्रीजच्या ४ अंशांच्या आसपास ही क्रिया सर्वांत वेगाने होते, तर फ्रीझरमध्ये जवळजवळ थांबते.

पुन्हा गरम कसे करावेत?

उष्णतेने स्टार्च पुन्हा मऊ होतो. ओव्हनमध्ये १८० अंशांवर फॉइलमध्ये गुंडाळून १० ते १२ मिनिटे पुरतात. मायक्रोवेव्हमध्ये फॉइल नको. ओलसर पेपर नॅपकिनमध्ये गुंडाळून साधारण ३० सेकंद द्यावेत आणि मफिन लगेच खावा, कारण गार झाला की तो चिवट होतो. घाई नसेल तर बंद पिशवीतच तास-दोन तास बाहेर ठेवावा. हवेतील दमट थेंब पिशवीवर जमतात, मफिनवर नाही. लागतील तेवढेच काढावेत, वितळलेले पुन्हा गोठवू नयेत.

बर्ड्सआय यांचे ७ ऑक्टोबर १९५६ रोजी न्यूयॉर्कमध्ये निधन झाले. त्यांच्या अस्थी ग्लॉस्टरजवळच्या समुद्रात विसर्जित करण्यात आल्या. जिथे मासे गोठवण्याचा धंदा त्यांनी दुसऱ्यांदा उभा केला, तोच हा किनारा.