डॉ. सुब्बाराव आणि एका औषधाचा प्रवास

आपल्या त्र्यंबकेश्वरी उगम पावणारी गोदावरी जेथे समुद्राला मिळते, त्या मुलखातील भीमवरम या गावी १२ जानेवारी १८९५ रोजी येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा जन्म झाला. वडील लवकर गेले. घरची स्थिती बेताची. मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात असताना ते खादीचा अंगरखा घालून शस्त्रक्रियेला उभे राहिले व इंग्रज प्राध्यापकाचा रोष ओढवून घेतला. परिणामी पूर्ण पदवीऐवजी कनिष्ठ परवाना तेवढा हाती पडला. त्याच सुमारास स्प्रू नावाच्या आतड्याच्या विकाराने त्यांचे दोन भाऊ दगावले. हे दुःख त्यांना जन्मभर पुरले.

पत्नीला मागे ठेवून ते अमेरिकेला गेले, ते कायमचेच. बोस्टनमध्ये पोटासाठी रुग्णालयात रात्रपाळीची हलकी कामे केली. दिवसा हार्वर्डमध्ये संशोधन. १९२५ साली फिस्क यांच्यासह त्यांनी रक्तातील व लघवीतील फॉस्फरस मोजण्याची रीत प्रसिद्ध केली; रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ती परिचित असेल. तरीही हार्वर्डने त्यांना कायमची जागा दिली नाही. १९४० मध्ये ते लेडर्ले या औषध कंपनीत गेले.

येथे मुंबईची आठवण निघते. १९२८ मध्ये ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टरीण गिरणी कामगार स्त्रियांच्या बाळंतपणातील पंडुरोगाचा शोध घेण्यास मुंबईस आली व परळच्या हाफकिन संस्थेत तिने काम केले. यीस्टच्या अर्काने त्या स्त्रिया बऱ्या होतात, असे तिला आढळले. अर्कातील तो गुणकारी पदार्थ पुढे फोलिक आम्ल म्हणून ओळखला गेला. सुब्बाराव यांच्या हाताखालील मंडळींनी १९४५ च्या सुमारास तो प्रयोगशाळेत बनवला. तो स्प्रूवरही चालतो! भाऊ जाऊन पंचवीसेक वर्षे लोटली होती.

बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाच्या बालरुग्णांना फोलिक आम्लाच्या जातीची द्रव्ये देऊन पाहिली, तर रोग उलट बळावतो असे त्यांना वाटले. मग याच आम्लाची नक्कल पेशीला चारून तिला फसवले तर? सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेने अशी नक्कल बनवली: अमिनोप्टेरिन. जून १९४८ मध्ये फार्बर यांनी १६ मुलांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकी १० मुलांना उतार पडला, पण तात्पुरताच.

त्या वेळी औषध शरीरात कोठे जाते व किती वेळ टिकते, हे कोणाला सांगता येत नव्हते. सुई टोचायची आणि रक्तपेशी मोजायच्या. तोंडात व्रण उठले की मात्रा जास्त झाली असे समजायचे. आज नव्या औषधाच्या पहिल्या चाचणीत अल्प मात्रेपासून पायरीपायरीने वर चढतात व ठराविक अंतराने रक्त काढून औषधाचे प्रमाण तपासतात. त्याची गरज का, हे अमिनोप्टेरिनच्या धाकट्या भावंडाने, मेथोट्रेक्सेटने, चांगलेच शिकवले. ते बरेचसे जसेच्या तसे मूत्रपिंडावाटे, बहुतांशी एका दिवसात बाहेर पडते. म्हणून मूत्रपिंड दुबळे असेल तर नेहमीची मात्राही विष ठरते. पोटात वा छातीत पाणी साचले असेल तर औषध त्यात मुरते आणि सावकाश रक्तात पाझरत राहते. मेंदूत मात्र ते नेहमीच्या मात्रेत पुरेसे शिरत नाही. रक्त स्वच्छ झालेल्या मुलांत रोग मेंदूच्या आवरणातून परत उठे. त्यावर उपाय म्हणून ते पाठीच्या कण्यातून द्यावे लागले. मोठी मात्रा दिल्यावर ठराविक वेळी फोलिनिक आम्ल देऊन निरोगी पेशी वाचवतात, तीही रक्तातील प्रमाण बघूनच. मोजमापाच्या रीतीने ज्यांनी नाव मिळवले, त्यांच्याच औषधाला मोजमापाशिवाय सुरुवात करावी लागली, याची मला मौज वाटते.

आपल्या ग्वाल्हेरीत १९४६ साली गजरा राजा वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा तिकडे ही नक्कल जुळवण्याचा खटाटोप चालू होता. आज तेथील विद्यार्थ्यांना मेथोट्रेक्सेट पाठ असते, पण सुब्बाराव यांचे नाव किती जणांना ठाऊक असेल, कोण जाणे.

फार्बर यांचा लेख छापून आल्यानंतर दोनच महिन्यांनी, ऑगस्ट १९४८ मध्ये, न्यूयॉर्कजवळ झोपेतच सुब्बाराव यांचे निधन झाले. वय ५३. अमेरिकेचे नागरिकत्व त्यांनी घेतले नव्हते, आणि मायदेशी परतणेही झाले नाही.