सेनापती बापट आणि कुंडलिकेचे पाणी

मुंबईत सेनापती बापट मार्ग आहे, पुण्यात सेनापती बापट रस्ता आहे. त्यामुळे हे नाव सर्वांच्या ओळखीचे असते. पण बापट कोणत्या सेनेचे सेनापती होते, असे मी आमच्या हाउसमध्ये विचारले तेव्हा एकाने पेशव्यांचे सांगितले, दुसऱ्याने आझाद हिंद सेनेचे. दोन्ही उत्तरे चुकीची होती. बापट कोणत्याच लष्करात अधिकारी नव्हते. ही पदवी त्यांना शेतकऱ्यांच्या एका लढ्यात मिळाली, आणि तो लढा ते हरले. हरलेल्या लढाईसाठी मिळालेली पदवी नावाला कायमची चिकटली, याचे मला नवल वाटले. म्हणून या वर्षीच्या मराठी पानासाठी मी त्यांचे चरित्र निवडले.

पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील पारनेर येथे झाला. घरची परिस्थिती बेताची होती, पण मुलगा अभ्यासात हुशार होता. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकत असतानाच त्यांनी देशाला स्वतंत्र करण्याची शपथ घेतली. १९०४ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून ते स्कॉटलंडमधील एडिंबरा येथे मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकायला गेले. तिथे त्यांनी नेमबाजीही शिकून घेतली. हिंदुस्थानातील इंग्रजी राज्याची बाजू उघडी पाडणारे भाषण केल्यामुळे त्यांची शिष्यवृत्ती बंद झाली. मग ते लंडनच्या इंडिया हाउसमधील क्रांतिकारकांत आले, पॅरिसला जाऊन बॉम्ब बनवण्याची विद्या शिकले आणि १९०८ मध्ये ती माहिती घेऊन मायदेशी परतले. त्याच वर्षी अलीपूर बॉम्ब खटला उभा राहिला. त्यांचे नाव पोलिसांपर्यंत पोहोचले आणि पुढची चार वर्षे त्यांना लपूनछपून काढावी लागली. १९१२ मध्ये ते पकडले गेले. सुटून आल्यावर बॉम्बविद्या शिकलेला हा माणूस पारनेरला रोज सकाळी हातात झाडू घेऊन रस्ते झाडू लागला.

आता थोडे नदीविषयी सांगतो, कारण पुढची गोष्ट तिच्याशिवाय कळणार नाही. गेल्या डिसेंबरात आमची तुकडी साहस शिबिरासाठी रायगड जिल्ह्यात कोलाडला गेली होती. तिथे कुंडलिका नदीत राफ्ट आणि कयाक चालवतात. उसळत्या पाण्याला एक ते सहा अशा श्रेणी देतात. कुंडलिकेचा हा सुमारे बारा किलोमीटरचा टप्पा दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीचा, म्हणजे मध्यम समजला जातो. आम्हाला आधी संथ पाण्यात उलटलेल्या कयाकमधून बाहेर पडायला शिकवले आणि मगच धारेत नेले.

धारेत उतरण्यापूर्वी पाणी वाचावे लागते. पाण्यावर इंग्रजी व्ही अक्षराचा आकार दिसतो. त्याचे टोक प्रवाहाच्या दिशेला असेल तर ती मोकळी वाट. टोक आपल्याकडे असेल तर तिथे खडक दडलेला आहे. मोठ्या खडकामागे पाणी उलटे फिरते आणि शांत असते. त्या जागेला एडी म्हणतात. तिथे नाव वळवून दम घ्यायचा आणि पुढची उसळी नीट बघून घ्यायची. उसळीत वल्हे थांबवायचे नाही, कारण प्रवाहाच्याच वेगाने वाहणारी नाव आपल्या मनासारखी वळत नाही. पाण्यात पडलो तर पाठीवर, पाय पुढे करून वाहत जायचे. उभे राहायला गेलो आणि पाय खडकात अडकला, तर पाणी माणसाला खाली दाबून टाकते. हे सगळे ऐकताना भीती वाटली, पण पहिली उसळी पार झाल्यावर आमच्यातल्या कोणालाच काठावर यायचे नव्हते.

मला एक गोष्ट मात्र कळेना. डिसेंबरात कोकणातले ओढे आटत आलेले असतात. मग एवढे पाणी येते कुठून? शिवाय सकाळी ते चढते आणि काही तासांनी उतरते. प्रशिक्षकांनी सांगितले की हे पाणी वरच्या भिरा वीजकेंद्रातून वीज तयार करून बाहेर पडलेले आहे. ते येते मुळशीच्या धरणातून.

घाटमाथ्यावर मुळा आणि नीला या नद्यांच्या संगमाजवळ मुळशी धरण आहे. मुळेचे पाणी खरे तर पूर्वेला जाणारे. पुण्यातून भीमेला, भीमेतून कृष्णेला मिळून ते बंगालच्या उपसागरात पोहोचते. धरणात अडवलेले पाणी मात्र पश्चिमेकडे वळवून, सह्याद्रीच्या कड्यावरून मोठ्या नळांतून सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याला सोडतात. तिथून ते कुंडलिकेत उतरते आणि अरबी समुद्राला मिळते. एका धरणाने त्या पाण्याचा समुद्रच बदलला.

हे धरण टाटा कंपनीने मुंबईला वीज पुरवण्यासाठी बांधायला घेतले. त्यासाठी मुळशीच्या खोऱ्यातील पन्नासच्या आसपास गावांची जमीन जाणार होती. त्यात मावळ्यांची भाताची खाचरे होती, घरे होती, देवळे होती. सरकारने जमीन संपादनाचा कायदा कंपनीसाठी वापरला. जे उठणार होते त्यांना कोणी विचारले नव्हते. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, शेकडो मावळे कामाच्या जागी जाऊन बसले आणि मुळशी सत्याग्रह सुरू झाला. बापट आणि विनायकराव भुस्कुटे हे त्याचे पुढारी होते. स्त्रियाही मुलाबाळांसह पुढे आल्या. काम काही महिने थांबले, पुन्हा सुरू झाले, आणि धरपकड वाढत गेली.

पुढे फूट पडली. बऱ्याच जमिनींत सावकारांचा हक्क गुंतलेला होता. त्यांना भरपाईची रक्कम हवी होती. कसणाऱ्याला पैसा नको होता, जमीन हवी होती. सत्याग्रही थकले, पाठीराखे कमी होत गेले. बापट मात्र तुरुंगातून सुटले की पुन्हा मुळशीला येत. १९२४ च्या डिसेंबरात त्यांनी मोजक्या साथीदारांसह धरणाच्या कामाची रेल्वे अडवली. या वेळी त्यांच्या हातात शस्त्र होते. त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. ते तुरुंगात असतानाच, १९२७ मध्ये, भिऱ्याचे वीजकेंद्र सुरू झाले.

शस्त्र उचलणे बरोबर होते का, यावर मी पुष्कळ विचार केला. आपल्याला इथे पहिल्याच वर्षी शिकवतात की हुकमाशिवाय गोळी चालवायची नाही. सत्याग्रहाच्या शिस्तीतही शस्त्राला जागा नव्हती. त्यामुळे त्या दिवशीची कृती मला पटत नाही. पण त्यांनी ती स्वतः केली आणि शिक्षाही स्वतः भोगली, दुसऱ्याला पुढे करून ते मागे राहिले नाहीत, हेही खरे आहे.

सुटल्यावरही ते स्वस्थ बसले नाहीत. नंतरही त्यांनी तुरुंगवास भोगला. योगी अरविंदांच्या ग्रंथाचे त्यांनी मराठीत भाषांतर केले. १५ ऑगस्ट १९४७ रोजी पुण्यात तिरंगा फडकवण्याचा मान त्यांना मिळाला. १९५५ मध्ये, वयाच्या पंचाहत्तरीला टेकलेले असताना, ते गोवा मुक्तीच्या सत्याग्रहींबरोबर पोर्तुगीज हद्दीत शिरले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतही ते होते. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

हा लेख मी दिवाळीच्या सुट्टीत बेंगळुरूला, सर्जापूर रोडवरच्या आमच्या घरी लिहिला. बाबांना वाचून दाखवला तेव्हा ते म्हणाले की मुंबईच्या गिरण्यांना वीज हवीच होती, नाहीतर कोळशाचाच धूर चालू राहिला असता. त्यांचे म्हणणे मला खोडून काढता आले नाही. बापट स्वतः इंजिनिअरिंग शिकायला गेलेले, यंत्रे त्यांनाही परकी नव्हती. पण मी बाबांना गॅलरीतून खाली उभा असलेला पाण्याचा टँकर दाखवला. आमच्या भागात उन्हाळ्यात त्यांच्या रांगा लागतात. या शहराला कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटरवरून पंपाने चढवून आणावे लागते, आणि इथल्या रस्त्यांवर १९०५ मध्ये लागलेले विजेचे दिवेही कावेरीवरच्या शिवनसमुद्राच्या विजेवरच लागले. शहराला लागणारे पाणी आणि वीज कुठल्या तरी खोऱ्यातून येतेच. घ्यायच्या आधी त्या खोऱ्यातल्या माणसांना विचारले होते का, एवढाच मुळशीचा प्रश्न होता. बाबा थोडा वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी ते चरित्र वाचायला मागून घेतले.

आपल्या खांद्यावरची पट्टी वरिष्ठ देतात. बापटांना पद दिले ते त्यांच्या मागे चालणाऱ्यांनी, आणि हरल्यावरही परत घेतले नाही. मला अधिकारी व्हायचे आहे, म्हणून ही गोष्ट मी लक्षात ठेवणार आहे.

पुढच्या वर्षी कोलाडला जाणाऱ्या ज्युनिअर कॅडेट्सना एक सांगणे आहे. पुण्याहून ताम्हिणी घाटाच्या रस्त्याने गेलात तर मुळशीचा जलाशय बराच वेळ सोबत असतो. त्या वेळी बसमध्ये गाण्याच्या भेंड्या चालू असतील. त्या पाच मिनिटे थांबवा आणि खिडकीतून पाणी बघून घ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच पाणी तुमच्या वल्ह्याखाली येणार आहे.