विश्लेषण : उल्कावर्षावाच्या रात्री ढग असतील का, हे महिनाभर आधी का कळत नाही? काय सांगते गिल्बर्ट वॉकर यांचे काम?

जेमिनिड उल्कावर्षाव दरवर्षी १३-१४ डिसेंबरच्या सुमारास ऐन भरात असतो. नागपूरकरांना त्यासाठी पेंच जवळचे. महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्प जानेवारी २०२४ मध्ये देशातील पहिला ‘डार्क स्काय पार्क’ ठरला. मुक्कामाचे बुकिंग मात्र आधीच करावे लागते. काही मोबाइल अॅप महिनाभर पुढचे हवामानही दाखवतात. त्यावर किती विसंबायचे? याचे उत्तर हवे, तर दीर्घकालीन अंदाजांचा पाया घालणाऱ्या गिल्बर्ट वॉकर यांचे काम समजून घ्यावे लागेल.

वॉकर कोण होते?

जन्म १४ जून १८६८, इंग्लंडमधील रॉचडेल. केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत ते १८८९ मध्ये पहिले आले. फेकलेले बूमरँग परत कसे येते, याचा त्यांनी गणिती अभ्यास केला. त्यामुळे ‘बूमरँग वॉकर’ हे टोपणनाव त्यांना चिकटले. हवामानशास्त्राशी त्यांचा संबंध नव्हता. तरीही १९०४ मध्ये ते भारतीय हवामान खात्याचे प्रमुख झाले.

गणितज्ञाची निवड का झाली?

खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातील बर्फावरून मान्सूनचा अंदाज बांधायला सुरुवात केली होती. त्यांच्यानंतर आलेल्या जॉन एलियट यांनी त्यात आणखी घटक जोडले. पण १८९९ चा भीषण दुष्काळ या अंदाजांना ओळखता आला नाही. तेव्हाचा मध्य प्रांत आणि वऱ्हाडही त्यात होरपळले. ठोकताळ्यांऐवजी आकडेवारी हवी, ही गरज स्पष्ट झाली होती.

त्यांनी नेमके काय शोधले?

सिमल्याच्या कार्यालयात वॉकर यांनी जगभरातील हवेचा दाब, तापमान आणि पावसाच्या नोंदी गोळा केल्या. संगणक नव्हते. भारतीय कर्मचाऱ्यांनी हातानेच प्रचंड आकडेमोड केली. त्यातून एक गोष्ट पुढे आली : प्रशांत महासागरावर दाब वाढला, की हिंदी महासागराच्या बाजूला तो घटतो आणि उलटही घडते. या झोक्याला त्यांनी ‘सदर्न ऑसिलेशन’ नाव दिले. एल निनोशी त्याचे नाते जेकब बियर्कनेस यांनी १९६९ मध्ये उलगडले आणि त्यातील हवेच्या चक्राला ‘वॉकर सर्क्युलेशन’ म्हटले. ते पाहायला वॉकर नव्हते. ४ नोव्हेंबर १९५८ रोजी त्यांचे निधन झाले होते.

मग अंदाज अचूक झाले का?

नाही. वॉकर यांनी निवडलेल्या काही घटकांचा मान्सूनशी असलेला संबंध पुढे क्षीण झाला. ते स्वतःही सावध होते. हंगामाच्या अंदाजाला ठाम भाकीत न म्हणता पूर्वचाहूल म्हणणे त्यांना योग्य वाटे. १९२४ मध्ये ते निवृत्त झाले. आजही हवामान विभागाचा एप्रिलमधील अंदाज चार महिन्यांच्या देशभरातील एकूण पावसाचा असतो, तोही ५ टक्के कमी-जास्त धरून. अमुक रात्री पेंचवर ढग असतील का, हे त्यातून कळत नाही. वातावरणातील बारीकशी चूकही दिवसागणिक वाढत जाते, हे एडवर्ड लॉरेन्झ यांनी १९६३ मध्ये दाखवले. त्यामुळे ठरावीक दिवसाच्या अंदाजाची मर्यादा साधारण दोन आठवड्यांची मानली जाते.

उल्का पाहणाऱ्यांनी काय करावे?

उल्कावर्षावाची तारीख आणि चंद्राची स्थिती कित्येक वर्षे आधी काढता येते. बुकिंग त्यावर आणि हंगामावर करा. ऑगस्टमधील पर्सीड ऐन पावसाळ्यात येतात. डिसेंबरमध्ये विदर्भाचे आकाश बहुतांशी निरभ्र असते. मात्र बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळाचे ढग कधी कधी येथवर पोहोचतात. म्हणून महिनाभर आधीचा ढगांचा आकडा पाहून बेत रद्द करू नका. रद्द करता येणारे बुकिंग घ्या, शेवटच्या तीन दिवसांत हवामान विभागाचा अंदाज पाहा आणि निघण्यापूर्वी ताजे उपग्रह चित्र तपासा.