न आलेली बोट

लोकल दहा मिनिटे उशिरा आली की आपण चरफडतो. संत फ्रान्सिस झेवियर ह्यांचे दिवस तर जहाजांची वाट पाहण्यातच गेले. १५३७ साली ते व्हेनिसला जेरुसलेमच्या जहाजासाठी थांबले. तुर्कांशी युद्ध पेटले, जहाज सुटलेच नाही. तोवर त्यांनी इस्पितळातील रुग्णांची सेवा केली. ते जहाज सुटले असते तर आपल्या गोव्याला झेवियर लाभले असते का, असे आमच्या मनात येते. १५४१ साली लिस्बनहून निघाल्यावर मोझांबिकला वाऱ्यासाठी कित्येक महिने खोळंबा झाला. तिथेही आजाऱ्यांची सेवा चालूच! ६ मे १५४२ रोजी ते गोव्यात उतरले. अखेरीस चीनच्या किनाऱ्यासमोरील बेटावर ते एका चिनी व्यापाऱ्याच्या ठरलेल्या बोटीची वाट पाहत राहिले. ३ डिसेंबर १५५२ रोजी तिथेच त्यांनी प्राण सोडला. बोट आली नव्हती.